‘इथे आधी काहीच नव्हतं’ : कारखान्याच्या गावाचा इतिहास कसा वाचायचा?

आज फक्त एका वाक्याबद्दल बोलायचं आहे. “इथे आधी काहीच नव्हतं, नुसतं जंगल होतं.” कारखान्याभोवती आखून वसवलेल्या गावाचा इतिहास उघडलात की पहिल्या दोन-तीन पानांत हे वाक्य कुठल्या ना कुठल्या रूपात भेटतंच. माझ्या सिनॉप्सिसच्या पहिल्या मसुद्यातही ते होतं. गाईडनी त्याखाली पेन्सिलीने रेघ मारली आणि समासात दोनच शब्द लिहिले, “कोण म्हणतं?”

तेव्हा मला रागच आला होता. नंतर लाज वाटली. मी माहूरचा. डोंगर, सागवान, पैनगंगा हे सगळं बघत वाढलेला. आणि जंगल म्हणजे ‘काहीच नाही’ असं लिहिणारा मीच निघालो! त्या दोन शब्दांमुळे मला पुन्हा वाचायला बसावं लागलं. त्या वाचनातून काय हाती लागलं ते इथे मांडतो, कारण तुमच्यापैकी बरेच जण आता पेटची तयारी करताय, टॉपिक शोधताय, आणि “आमच्या भागात संशोधन करण्यासारखं आहे तरी काय” असं मला विचारताय.

आधी गाव कुठलं ते सांगतो

परदेशात, विशेषतः अमेरिकेत, लाकूडकटाईच्या गिरणीभोवती आखून वसवलेल्या गावांवर भरपूर लिहिलं गेलंय. वॉशिंग्टन राज्यातलं लाँगव्ह्यू हे त्यातलं गाजलेलं उदाहरण. लाँग-बेल नावाच्या लाकूड कंपनीने १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला ते नगररचनाकारांकडून आखून घेतलं आणि मालकाच्या, आर. ए. लाँगच्या नावावरून त्याचं नाव ठेवलं. चौक, बागा, वाचनालय, सगळं आधी कागदावर आणि मग जमिनीवर.

आपल्याकडचं या जातीचं गाव शोधताना मी माहूरहून पूर्वेला, सरळ रेषेत सुमारे पावणेदोनशे किलोमीटर गेलो आणि तेलंगणातल्या कागजनगरला पोचलो. तिथे आरा मशीन मुख्य नव्हतं, बांबूपासून कागद बनवणारी गिरणी होती. पण गावाचा सांगाडा तोच. जंगलातून कच्चा माल, रेल्वेने पक्का माल, आणि मधे आखलेली वसाहत.

सिरपूर पेपर मिल्सची स्थापना १९३८ ची, निजामाच्या हैदराबाद संस्थानातली. उत्पादन सुरू झालं १९४२ मध्ये. त्याआधी १९२९ साली काझीपेठ-बल्लारशाह रेल्वेमार्ग पूर्ण झाला होता, म्हणजे गिरणी आली तेव्हा रेल्वेला दहा वर्षंही झाली नव्हती. उद्योगांमध्ये संस्थान स्वतः पैसा घालत होतं. त्यासाठीचा औद्योगिक निधीही १९२९ चाच. नांदेडला लागून असलेल्या बोधनचा निजाम साखर कारखाना आणि त्याची शक्करनगर वसाहत याच धोरणातली. शक्करनगर, कागजनगर. माल कोणता निघतो तेच गावाचं नाव.

आता प्रश्न पडेल की याचा माहूरशी काय संबंध? संबंध नकाशाचा आहे. १९५६ पर्यंत माहूर किनवट तालुक्यात होतं आणि किनवट तालुका हैदराबाद संस्थानाच्या आदिलाबाद जिल्ह्यात. सिरपूरही त्याच जिल्ह्यात. म्हणजे ती गिरणी उभी राहिली तेव्हा ती ‘आमच्या’ जिल्ह्यातली गिरणी होती. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्य पुनर्रचनेत किनवट तालुका, बोथ तालुक्यातलं इस्लापूर मंडळ आणि राजुरा तालुका मुंबई राज्यात, नांदेड जिल्ह्यात आले. १९५९ मध्ये राजुरा चांदा जिल्ह्याला जोडला गेला. २०१६ मध्ये उरलेल्या आदिलाबादचेही चार जिल्हे झाले. एका जिल्ह्याचं जंगल आज दोन राज्यांत आणि अर्ध्या डझन जिल्ह्यांत विभागलेलं आहे. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

आता या गावाची गोष्ट कोण कशी सांगतं ते बघू. मला चार प्रकार सापडले. चारही वाचायला हवेत आणि चारहींवर संशय घ्यायला हवा.

पहिली गोष्ट : कंपनीची

ही सगळ्यात ओळखीची. दूरदृष्टीचा संस्थापक, ओसाड जागा, परदेशी यंत्रं, क्वार्टर्स, शाळा, दवाखाना, मैदान. मराठी वाचकाला हा साचा किर्लोस्करवाडीमुळे पाठ आहे. १९१० मध्ये औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी कुंडल रोड स्टेशनजवळची जमीन दिली आणि निवडुंगाच्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कारखाना आणि गाव उभं केलं. ती गोष्ट खरीच आहे, मी ती खोटी म्हणत नाही. अडचण तेव्हा येते, जेव्हा माळाची गोष्ट उचलून जशीच्या तशी जंगलावर बसवली जाते.

नांगराचा कारखाना माळावर उभा राहू शकतो, कारण त्याचं लोखंड बाहेरून येतं. कागदाच्या गिरणीचं तसं नाही. एक टन कागदाला साधारण दोन-अडीच टन बांबू लागतो. बीएला तुम्ही आल्फ्रेड वेबर पाठ केलाय, वजन घटणाऱ्या मालाचा कारखाना कच्च्या मालाजवळ ओढला जातो वगैरे. परीक्षेत लिहून विसरलात. इथे तो आठवा. गिरणी तिथे आली ती जंगल होतं म्हणूनच. म्हणजे ‘नुसतं जंगल होतं’ हे वाक्य कंपनीच्याच हिशेबाने चुकीचं ठरतं. ते जंगल म्हणजे तिचं सगळ्यात मोठं भांडवल होतं, फक्त ते ताळेबंदात फारसं दिसत नव्हतं.

आणि जागा तरी कुठे रिकामी होती? कागजनगरच्या जागी आधी कोत्तापेट नावाचं गाव होतं. तेलुगूत कोत्त म्हणजे नवं. म्हणजे ‘नवी पेठ’ आधीच वसलेली होती, त्यावर आणखी नवं गाव आलं. लाँगव्ह्यूचंही तेच. त्या जागी एकोणिसाव्या शतकात मॉन्टिसेलो नावाची वस्ती होती. १८५२ मध्ये तिथे भरलेल्या सभेने स्वतंत्र प्रदेशाची मागणी केली, आणि पुढच्याच वर्षी वॉशिंग्टन प्रदेश वेगळा झाला. त्या वस्तीच्याही आधी तिथे काउलिट्झ लोक राहत होते. ‘काहीच नव्हतं’ म्हणायला बरंच काही विसरावं लागतं.

लाँगव्ह्यूबद्दल आणखी एक. कंपनी तिथे का गेली? कारण दक्षिणेकडची तिची पाइनची जंगलं संपत आली होती. म्हणजे त्या सुंदर आखलेल्या गावाची सुरुवात हजारो मैल दूरच्या तोडून झालेल्या जंगलात आहे. कंपनीचा इतिहास फाटकापासून सुरू होतो, त्यामुळे हे त्यात मावत नाही.

दुसरी गोष्ट : गॅझेटिअरची

गॅझेटिअर म्हटलं की आपण मान खाली घालून उतरवून घेतो. मीही घेतलंय. नांदेड जिल्ह्याचं गॅझेटिअर १९७१ चं. माहिती चांगली आहे, पण त्याची प्रकरणं कशी लावली आहेत ते बघा. जंगल येतं पहिल्या, सर्वसाधारण प्रकरणात, दगडमाती आणि प्राण्यांसोबत. इतिहास वेगळा, लोक वेगळे, शेती वेगळी, उद्योग वेगळे. राज्यातली बहुतेक गॅझेटिअर्स याच साच्यातली.

या मांडणीचा परिणाम काय होतो? तोडलं जाणारं झाड एका प्रकरणात राहतं, ते तोडणारा माणूस दुसऱ्यात आणि त्याचा कागद करणारी गिरणी तिसऱ्यात. तिघांची गाठ पडतच नाही. वरून जिल्ह्याची हद्द. १९५६ नंतरच्या नांदेडच्या पुस्तकात कागजनगर येण्याचं कारण नाही, आणि तिकडच्या पुस्तकात किनवट-माहूर येण्याचं कारण नाही. दोन्ही पुस्तकं आपापल्या जागी बरोबर, तरी गोष्ट मधून गायब!

म्हणून सांगतो, सरकारी ग्रंथावर टीका करायची म्हणजे त्यातला आकडा चुकीचा आहे हे शोधणं एवढंच नसतं. ग्रंथाची अनुक्रमणिका काय दिसू देते आणि काय नाही, हे विचारणं हीसुद्धा टीकाच आहे. लिटरेचर रिव्ह्यूमध्ये याची एक ओळ जरी आली तरी परीक्षकाला कळतं की तुम्ही वाचलंय, उतरवलेलं नाही.

तिसरी गोष्ट : मानववंशशास्त्रज्ञाची

क्रिस्टॉफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ हे नाव मराठवाड्याच्या विद्यार्थ्याला माहीत हवंच. मूळचे व्हिएन्नाचे. दुसऱ्या महायुद्धात परत जाता आलं नाही, म्हणून हैदराबाद संस्थानात काम करत राहिले. पुढे निजाम सरकारचे आदिवासीविषयक सल्लागार झाले. १९४५ मध्ये त्यांचे अहवाल ‘ट्रायबल हैदराबाद’ या नावाने आले, १९४८ मध्ये आदिलाबादच्या राजगोंडांवरचं पुस्तक, आणि १९८२ मध्ये ‘ट्राइब्ज ऑफ इंडिया’, ज्यात चाळीस वर्षांनी तीच माणसं पुन्हा भेटून काय बदललं ते लिहिलंय.

यांचं मोठेपण असं की यांच्या गोष्टीत जंगल रिकामं नाही. गोंड आहेत, कोलाम आहेत, त्यांची गावं आणि पेरणी आहे. राखीव जंगलाची रेघ नकाशावर ओढली गेली तेव्हा त्या रेघेच्या आत असलेल्या शेतांचं आणि माणसांचं काय झालं हे त्यांनी गावोगाव फिरून लिहिलं. त्यांच्या कामाचा उपयोगही झाला. पट्टे मिळाले, मारलवाईला शिक्षकांचं प्रशिक्षण केंद्र निघालं, आदिवासी क्षेत्रासाठी कायदा झाला.

मग टीका कशावर? ते कुठे उभे राहून लिहितायत त्यावर. सल्लागार सरकारचा असतो. त्यामुळे दुखणं ते नेमकं सांगतात, पण उपाय बहुतेक वेळा चांगला अधिकारी, चांगला नियम, जास्त संरक्षण असाच निघतो. जंगल कोणाचं, हा प्रश्न फाइलच्या बाहेर राहतो. हायमेनडॉर्फ वाचताना पानापानावर एक विचारत चला, हे वाक्य संशोधक बोलतोय की सल्लागार? दोन्ही एकाच माणसाचे आवाज आहेत आणि दोन्ही उपयोगाचे आहेत, पण तळटीप देताना फरक कळायला हवा.

चौथी गोष्ट : चळवळीची

आता जिथे माझा स्वतःचा पाय घसरला ती जागा. तीन तारखा बघा. १९३८, गिरणीची स्थापना. १९४०, जोडेघाटला कुमराम भीम यांचा पोलिसांच्या गोळीबारात मृत्यू. १९४२, गिरणीतून कागद बाहेर. तिन्ही एकाच जिल्ह्यात, पाच वर्षांच्या आत. आज कागजनगर ज्या जिल्ह्यात आहे त्या जिल्ह्याला कुमराम भीम यांचंच नाव आहे.

या तारखा एका ओळीत लिहिल्या की वाक्य आपोआप तयार होतं : “गिरणीसाठी जंगल घेतलं, म्हणून बंड झालं.” मी हे लिहिलं होतं. वाचायला जोरदार वाटतं. पण पुरावा काय? भीम यांचा लढा जंगलजमिनीवरच्या हक्कासाठी होता. राखीव जंगल, हुसकावणं, वनखात्याचा जाच. ही प्रक्रिया गिरणीच्या आधीपासून चालू होती. गिरणी सुरूही झालेली नसताना तिला कारण ठरवायचं तर स्वतंत्र कागद लागतो. तारखा जवळ आहेत एवढ्यावर कारण सिद्ध होत नाही.

मग त्या जवळपणाला काहीच अर्थ नाही का? आहे ना. राखीव जंगल करणारं आणि गिरणीत पैसा घालणारं सरकार एकच होतं. ज्या बांबूवर कोलामांचं घर आणि बुरुडाची टोपली चालत होती, तोच बांबू आता कारखान्याचा कच्चा माल म्हणून मोजला जाणार होता. हे मांडता येतं, आणि ते त्या जोरदार वाक्यापेक्षा जास्त टिकतं. ज्यांच्या बाजूने आपलं मन आहे त्यांच्या गोष्टीत कच्चं कारण घुसवलं, तर पहिल्याच परिसंवादात कोणीतरी ते काढून दाखवतं, आणि मग खरी बाजूही संशयाखाली येते. हे नुकसान आपलं नसतं, त्या लोकांचं असतं.

पुरावा शोधायचा कसा : दांडेलीचा धडा

“मग सर, पक्कं कसं लिहायचं?” असं विचाराल. त्यासाठी दक्षिणेला, उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या दांडेलीला जाऊ. तिथेही जंगलाजवळ कागदाची गिरणी १९५० च्या दशकात आली आणि तिला नाममात्र दरात बांबू देण्यात आला. काही वर्षांत बांबू कमी व्हायला लागला. गिरणी आणि वनखातं म्हणायचे, गावकऱ्यांची गुरं कोंब खातात. गावकरी म्हणायचे, गिरणीची तोडच चुकीची.

१९७० च्या दशकात माधव गाडगीळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कर्नाटकच्या जंगलात जाऊन बांबूची बेटं प्रत्यक्ष तपासली. काटेरी बांबूच्या बेटाच्या बुडाशी काट्यांचं जाळं असतं. तोडणाऱ्यांना सोयीचं म्हणून आणि बेट ‘स्वच्छ’ राहावं म्हणून ते काढून टाकलं जायचं. पण त्याच काट्यांच्या आड नवे कोंब गुरांपासून, रानडुकरांपासून वाचत होते. काटे गेले, कोंब उघडे पडले. गावकऱ्यांचं म्हणणं खरं निघालं.

यात आपल्यासाठी काय आहे बघा. गाडगीळांनी गावकऱ्यांचं म्हणणं ‘लोकश्रद्धा’ म्हणून परिशिष्टात टाकलं नाही आणि भावनेने डोक्यावरही घेतलं नाही. त्यांनी ते तपासता येईल असं विधान मानलं आणि बेटापाशी जाऊन तपासलं. गुरांनी कोंब खाल्ले हेही खोटं नव्हतं, फक्त का खाता आले याचं उत्तर दुसरीकडे होतं. इतिहासातही हेच करायचंय, फक्त आपलं बेट म्हणजे दप्तर.

आता तुमचं काम

किनवट, माहूर, हदगाव भागातल्या कोणाला हा विषय पुढे न्यायचा असेल तर चार गोष्टी सांगतो.

एक, हद्द बघून दप्तर शोधा. १९५६ च्या आधीच्या किनवटसाठी नांदेडमध्ये बसून भागणार नाही. हैदराबादला तारनाक्याच्या राज्य अभिलेखागारात जावं लागेल. प्रवासखर्चाचा विचार सिनॉप्सिस लिहितानाच करा.

दोन, उर्दू. निजाम संस्थानाचा कारभार उर्दूत आणि तारखा फसली सनात. फसली सनात साधारण ५९० मिळवले की इसवी सन येतो. आदिवासी क्षेत्राचा १३५६ फसलीचा कायदा म्हणजे १९४६ चा. घरात कोणी जुनं मोडी-उर्दू वाचणारं असेल तर आत्ताच त्यांच्याकडे बसा. नाहीतर सहा महिने उर्दूला द्या. वाया जात नाहीत.

तीन, वस्तूच्या मागे जा. अमेरिकन इतिहासकार विल्यम क्रोनन यांनी १९९१ च्या ‘नेचर्स मेट्रोपोलिस’मध्ये शिकागो शहराचा इतिहास धान्य, लाकूड आणि मांस यांचा माग काढत लिहिला. तुम्ही एका मोळीचा माग काढा. बांबू कोणत्या कूपातून निघाला, कोणी तोडला, मजुरी कशी ठरली, गाडी कोणाची, नाका कुठे, डेपो कुठे, आणि फाटकावर वजन कोणी केलं? यातल्या प्रत्येक टप्प्यावर कुठला ना कुठला कागद तयार होतो. कुठे कागद नसेल तिथे माणूस असतो, त्याला विचारा.

चार, शेवटही तपासा. सिरपूरची गिरणी २०१४ मध्ये बंद पडली आणि २०१८ मध्ये जेके पेपरने घेतल्यावर पुन्हा सुरू झाली. मधल्या काळाबद्दल लिहिताना सगळे कामगारांच्या घरांबद्दल लिहितात, आणि लिहायलाच हवं. पण १९८८ च्या राष्ट्रीय वनधोरणाने कारखान्यांना सांगितलं होतं की नैसर्गिक जंगलावर अवलंबून राहू नका, लाकूड शेतकऱ्यांकडून घ्या. देशभरात कागदाला निलगिरी, सुबाभूळ शेतातून यायला लागलं. मग जंगलात तोडीवर जाणाऱ्या माणसाचं काम कधी गेलं? गिरणी बंद होण्याच्या दिवशी की त्याच्या कितीतरी आधी? फाटकावरच्या कुलपाची तारीख सगळ्यांना माहीत असते. तोडीचं काम गेल्याची तारीख शोधणं हे एका पीएचडीचं काम आहे.

माझ्या सिनॉप्सिसचं पहिलं वाक्य मी बदललं. आता ते असं आहे : “१९३८ साली हैदराबाद संस्थानाच्या आदिलाबाद जिल्ह्यात, ज्यात आजचे माहूर आणि किनवट तालुकेही होते, बांबूचे नवे गिऱ्हाईक आले.” फार भारी वाक्य नाही, मान्य. पण यात जंगल आहे, बांबू आहे, आणि ‘नवे’ या शब्दामुळे जुनी गिऱ्हाइकंही आहेत, ज्यांच्याबद्दल मला आता पुढची तीन प्रकरणं लिहायची आहेत.

गाईडनी त्यावर अजून रेघ मारलेली नाही. तुमच्या सिनॉप्सिसचं पहिलं वाक्य आज रात्री काढून बघा, आणि समासात स्वतःच लिहा, कोण म्हणतं?